खर्जासाठी गिटार: सिटका आणि शिसवीची बॅरिटोन घडवताना

साध्या गिटारच्या तारा सैल सोडल्या म्हणून तिची बॅरिटोन, म्हणजे खालच्या सुरांत वाजणारी गिटार, होत नाही. साध्या गिटारची सहावी तार ई सुरात, ८२.४ हर्ट्‌झवर वाजते. बॅरिटोनची सहावी बी सुरात, ६१.७ हर्ट्‌झवर. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तीच तार पाच अर्धस्वर उतरवली की ताण ५६ टक्क्यांवर येतो. तार फ्रेटांवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) फडफडते, जोराने छेडली की सूर वर सरकतो आणि मग जागेवर येतो, आवाजात चिखल होतो. म्हणून तार लांबही करावी लागते आणि जाडही.

एवढ्यावर थांबलं तरी निम्मंच काम होतं. ६१.७ हर्ट्‌झचा मूळ सूर बहुतेक गिटारच्या पेटीला नीट बाहेर फेकताच येत नाही, कारण पेटीतल्या हवेचा स्वतःचा अनुनाद त्याच्या बराच वर, ९५ ते १०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. कान खर्ज ऐकतो तो मुख्यतः १२३, १८५, २४७ हर्ट्‌झच्या उपसुरांतून. चांगल्या बॅरिटोनची पेटी हा हवेचा अनुनाद खाली आणते आणि तबली मोकळी ठेवते, आणि तीच तबली सुमारे ८० किलोंचा ताण वर्षानुवर्षं पेलते. पुढचं प्रत्येक माप या ओढाताणीतून निघालेलं आहे. (गिटारच्या वरच्या फळीला इथे तंबोऱ्याचाच शब्द वापरला आहे, तबली. काम तेच आहे.)

आधी मापं ठरवा

सूर, सहावीपासून पहिलीकडे: बी–ई–ए–डी–एफ शार्प–बी. तारा, पहिलीपासून सहावीकडे, ०.०१६ ते ०.०७० इंच: १६, २४, ३२, ४२, ५६, ७०. यातली पहिलीच साधी पोलादी, बाकी पाच गुंडाळलेल्या. नट (डोक्याजवळची खाचांची पट्टी) ते सॅडल (तबलीकडे तारा टेकतात ती पट्टी) लांबी, म्हणजे स्केल, ७०० मिमी. बॅरिटोनसाठी ६८५ ते ७३५ मिमी सगळं चालतं. पण ७२० च्या पुढे पहिल्या चार फ्रेटांत बोटं ताणावी लागतात आणि डावं मनगट लवकर थकतं. ७०० ला पहिला फ्रेट नटपासून ३९.२९ मिमीवर येतो, साध्या ६४८ मिमीच्या गिटारला तो ३६.४ वर असतो. हा फरक हाताला जाणवतो, पण सवयीने जातो.

नेक, म्हणजे दांडा, पेटीला कितव्या फ्रेटवर मिळावा हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे आणि तो बहुतेक जण विचार न करता चौदाव्यावर टाकतात. चौदावा फ्रेट नटपासून ३८८ मिमीवर येतो. नेक लांब होतो, वाद्याचं तोंड जड होऊन खाली झुकतं. बारावा निवडला तर ब्रिज (सॅडल बसतं तो तबलीवरचा ठोकळा) तबलीच्या सर्वात रुंद भागाकडे सरकतो, खर्ज सुंदर येतो, पण वरच्या फ्रेटांपर्यंत हात पोहोचत नाही. तेराव्यावर जोड दिला तर नेक ३६९.६ मिमी राहतो, साध्या गिटारपेक्षा फक्त एक सेंटिमीटर जास्त, आणि सॅडल पेटीच्या कडेपासून ३३० मिमीवर येतं. आमची शिफारस तेराव्याचीच.

पेटी: लांबी ५२० मिमी, खालचा फुगवटा ४१५, वरचा ३००, कंबर २६५. खोली नेकजवळ १०८ आणि तळाशी १२८ मिमी. याहून खोल पेटी खर्ज वाढवते खरी, पण मांडीवर धरताना उजवा खांदा वर उचलला जातो.

पूर्ण आकाराचा नकाशा कागदावर काढल्याशिवाय लाकडाला हात लावू नका. ब्रिजची पुढची कड, एक्स ब्रेस (तबलीला आतून चिकटवलेल्या, फुलीसारख्या छेदणाऱ्या दोन आधारपट्ट्या), तबलीचं भोक आणि फ्रेटबोर्डचं टोक ही चारही एकाच कागदावर दिसली पाहिजेत. साध्या गिटारचा तयार नकाशा घेऊन फक्त स्केल लांबवली की ब्रिज एक्सच्या पायांवरून सुटतो आणि दोन वर्षांत तबली ब्रिजमागे फुगते.

लाकूड

तबलीसाठी सिटका स्प्रूस. अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर वाढणारं हे लाकूड वजनाच्या मानाने फार ताठ असतं आणि जाड तारांना तेच हवं. सीडरचा आवाज लवकर खुलतो, पण ७० च्या तारेखाली ते मऊ पडतं. दोन पानं, प्रत्येकी ५६० × २१५ × ४ मिमी, एकाच ठोकळ्यातून उघडलेली. कडेवरून पाहिलं तर वार्षिक वलयांच्या रेषा फळीला काटकोनात उभ्या असाव्यात. रेषा किती बारीक आहेत यापेक्षा तंतू फळीतून तिरके बाहेर पडत नाहीत ना, हे महत्त्वाचं. उरलेला तुकडा पटाशीने फोडून पाहा. फट सरळ पृष्ठभागाला समांतर गेली पाहिजे.

पाठ आणि बाजूंसाठी शिसवी. जगभरचे गिटार कारागीर ज्याला ईस्ट इंडियन रोझवूड म्हणतात ते आपल्या सह्याद्रीतलं शिसव, डालबर्जिया लॅटिफोलिया. उत्तरेकडचं शिसम हे वेगळं झाड आहे. रंगाने फिकं, आणि आवाजातही फरक. वखारीत ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, तेव्हा जांभळट छटा, काळ्या रेघा आणि रंधा मारल्यावर येणारा गोडसर वास पाहून घ्या. पाठीची दोन पानं तबलीच्याच मापाची, बाजू दोन, प्रत्येकी ८७० × १३५ × ३ मिमी. लाकडाचं बिल आणि वाहतूक पास जपून ठेवा. डालबर्जियाच्या जवळजवळ सगळ्या जाती जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०१९ च्या बदलानंतर तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, कच्च्या फळ्यांना नाही. शिसवीची धूळ त्वचेला आणि फुप्फुसाला त्रास देते. घासकाम करताना मास्क काढू नका.

नेकसाठी महोगनी, ९०० × ८० × २५ मिमी. मिरजेत सितार-तंबोऱ्यासाठी वापरतात ते तून महोगनीच्याच कुळातलं, हलकं आणि स्थिर. आतले ठोकळे आणि कडेच्या पट्ट्यांसाठी ते उत्तम, पण ८० किलोंच्या ताणाखालच्या नेकसाठी मऊ. सागवान टाळा: जड असतं आणि तेलकटपणामुळे चिकटवणी दगा देते.

हवा कोरडी असेल तेव्हाच चिकटवा

इथे जो चुकतो त्याचं बाकी सगळं काम वाया जातं. ८५ टक्के आर्द्रतेत लाकडात वजनाच्या सुमारे १८ टक्के पाणी असतं, ४५ टक्क्यांत साधारण ९. एवढ्या फरकाने ४०० मिमी रुंदीची स्प्रूसची फळी आडवी सुमारे ५ मिमी आक्रसते. ब्रेस मात्र लांबीत जवळजवळ आक्रसत नाहीत. म्हणजे कोकणात किंवा मुंबईत जुलैत ब्रेस चिकटवलेली तबली मार्चमध्ये पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत गेली की तिला आकसायला जागाच उरत नाही. ती मधोमध किंवा ब्रिजच्या टोकापासून उभी तडकते.

उलट झालं तर निभावतं. कोरड्या हवेत बांधलेली पेटी पावसाळ्यात थोडी फुगते, तारा उंच होतात, हिवाळ्यात परत बसते. म्हणून ब्रेस लावणं आणि पेटी बंद करणं ही दोन कामं ४५ ते ५० टक्के आर्द्रतेतच करा. फळ्या त्या खोलीत आधी दोन आठवडे, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशा उभ्या ठेवा. किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात बरा काळ. तरी लहान बंद खोली, डीह्युमिडिफायर आणि भरवशाचं हायग्रोमीटर यांना पर्याय नाही. देशावर आणि विदर्भात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २५ च्याही खाली जाते, तेव्हाही थांबा.

तबली

दोन पानांच्या कडा लांब रंध्याने एकत्र धरून ताशा. उजेडासमोर जोड धरला की कुठेही प्रकाश दिसता कामा नये. फट घट्ट क्लॅम्पने दाबून मिटवायचा मोह होतो. तो जोड पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात उघडतो. चिकटवायला सरस किंवा टाइटबाँड ओरिजिनल हा लाकडाचा पिवळा गोंद. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, तो वाद्यात कुठेच नको.

जाडी मध्यभागी २.९ मिमी, खालच्या फुगवट्याच्या कडेचा ६० मिमीचा पट्टा २.५ पर्यंत उतरवलेला. साध्या गिटारलाही साधारण हीच जाडी असते. बॅरिटोन म्हणून तबली ३.५ मिमी ठेवण्याची चूक नेहमी होते आणि मग वाद्य पेटीत गोधडी कोंबल्यासारखं वाजतं. ताण पेलायचं काम ब्रेसचं आहे, तबलीचं नाही.

भोक ९२ मिमी व्यासाचं, केंद्र पेटीच्या वरच्या कडेपासून १६५ मिमीवर. साध्या गिटारला १०० मिमी असतं. लहान भोक हवेचा अनुनाद खाली आणतं आणि पुढे ते मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

एक्स ब्रेस ८ मिमी रुंद, १७ मिमी उंच, तेही सिटकाचेच आणि फोडून काढलेल्या तुकड्यांतून, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. एक्सचा छेद भोकाच्या खालच्या कडेपासून ३८ मिमीवर, पायांमधला कोन ९७ अंश. असं केलं की १६० मिमी लांब ब्रिजचे पुढचे दोन्ही कोपरे बरोबर एक्सच्या पायांवर बसतात. ही गोष्ट नकाशावर मोजा, चिकटवण्याआधी तबलीवर पेन्सिलीने पुन्हा मोजा. छेदाची खाच सैल झाली तर त्यात वरून पातळ पट्टी चिकटवून पूल करा. सैल छेद म्हणजे एक्सची निम्मी ताकद गेली.

ब्रेसची खालची कड ८.५ मीटर त्रिज्येच्या कमानीत घासा आणि त्याच त्रिज्येच्या बशीत, म्हणजे उथळ साच्यात, तबली दाबून चिकटवा. ही हलकी कमान तबलीला आर्द्रतेच्या चढउतारात हालायला वाव देते. ब्रिजखालची पट्टी शिसवीची, २.५ मिमी जाड, तंतू तबलीच्या रेषांना आडवे. ब्रिजच्या मागे दोन तिरके टोन ब्रेस, ६ मिमी रुंद आणि १२ उंच, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन छोटे. भोकाच्या वर फ्रेटबोर्डच्या जिभेखाली एक आडवा, २० मिमी रुंद आणि १३ उंच.

आता तासणं. पटाशी आणि अंगठ्याएवढ्या रंध्याने ब्रेसच्या माथ्याला त्रिकोणी उतार द्या, टोकं कडेच्या ५० मिमीत १.५ मिमीपर्यंत उतरवा. एक्सचे पाय ब्रिजच्या मागे कोरून पोकळ करण्याची पद्धत साध्या गिटारमध्ये खर्ज वाढवते. इथे घाई नको. पायांची उंची ब्रिजजवळ १५ आणि पुढे सरळ उतरत ८ मिमी ठेवा. तबली दोन बोटांत वरच्या कडेजवळ धरून ब्रिजच्या जागी बोटाच्या पेराने ठोका. तासण्याआधी आवाज ठक असा आखूड येतो. हळूहळू तो खाली उतरतो आणि लांबतो. लांबायचा थांबला की तुम्हीही थांबा.

बाजू आणि पाठ

बाजू २.२ मिमीपर्यंत पातळ करून १५० अंशांच्या आसपास तापवलेल्या नळीवर वाकवा. शिसवी मनापासून वाकते, फक्त कंबरेचा उलटा बाक आधी घ्या आणि मागून पातळ पत्रा धरा. पाणी हलकंसं फवारा. तासभर भिजवलेली बाजू रुंदीत पन्हळीसारखी वाकते आणि साच्यात सरळ होत नाही. वाकवलेल्या बाजू साच्यात दोन दिवस आवळून ठेवा.

तुनाचे ठोकळे, कापे दिलेल्या कडेच्या पट्ट्या, मग पाठ: जाडी २.५ मिमी, चार आडवे ब्रेस, कमानीची त्रिज्या ४.५ मीटर. शिसवी तेलकट असते, म्हणून चिकटवायचा भाग घासल्यावर लगेच ॲसिटोनने पुसा आणि १५ मिनिटांत गोंद लावा. दुसऱ्या दिवशी चिकटवलेल्या शिसवीचे जोड नखाने उचकटताना पाहायला मिळतात.

नेक

डोक्याचा तुकडा १५ अंशांत तिरका कापून उलटवून चिकटवा. अखंड लाकडातून कोरलेलं डोकं आडव्या तंतूंवर मोडतं. मध्ये दुतर्फा ट्रस रॉड (फिरवून नेकचा बाक कमी-जास्त करायची सळई), त्याच्या दोन्ही बाजूंना ३ × ९ मिमीच्या कार्बनच्या पट्ट्या इपॉक्सीत. ट्रस रॉड बाक नेमका करतो, कार्बन बाक पडूच देत नाही, दोन्हीची गरज आहे. नट ४५ मिमी रुंद, कारण जाड तारांना बाजूने हलायला जागा लागते. जाडी पहिल्या फ्रेटला २२, दहाव्याला २४ मिमी.

फ्रेटबोर्ड शिसवीचा किंवा एबनीचा, ६.५ मिमी. खाचा सगळ्या नटपासून मोजा, आधीच्या फ्रेटपासून कधीच नाही; प्रत्येक वेळी ०.१ मिमी चुकलं तर बाराव्यापर्यंत मिलिमीटरच्या वर जाते. पाचवा १७५.५९, सातवा २३२.८१, बारावा ३५०.००, एकूण वीस. कुठल्याही फ्रेटसाठी सूत्र: ७०० × (१ − २^(−न/१२)), इथे न म्हणजे फ्रेटचा क्रमांक.

पेटीशी जोड कुसू-खाचेचा (नेकचं पुढे काढलेलं टोक पेटीच्या खाचेत बसतं) आणि दोन ६ मिमी बोल्टचा. जड ताणाच्या वाद्याचा नेक काही वर्षांनी पुन्हा बसवावा लागतोच; चिकटवलेला सोडवायला वाफ लागते, बोल्टचा तासाभरात निघतो. कोन असा की फ्रेटांच्या माथ्यावर ठेवलेली सरळ पट्टी ९ मिमी उंच ब्रिजच्या जेमतेम वरून जावी.

पॉलिश, मग ब्रिज

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याच्या बोळ्याने पातळ थर. जाड पॉलियुरेथेन तबलीला जाकीट घालतं. दमट हवेत लाखेत पांढरट ढग धरतो, म्हणून हेही कोरड्या दिवसांतलं काम. ब्रिजच्या जागी कागदी टेप लावून लाकूड कोरं ठेवा. लाखेवर चिकटवलेला ब्रिज उचकटतोच.

ब्रिज शिसवीचा, एबनीपेक्षा हलका म्हणून. खालची बाजू तबलीच्या कमानीत घासून, गोंद लावून २४ तास क्लॅम्पमध्ये. सॅडलची खाच मात्र अजून पाडू नका. जाड तारांचा सूर दाबल्यावर बराच चढतो आणि सॅडल किती मागे घ्यायचं हे त्या त्या तारसंचावर अवलंबून असतं: पहिल्या तारेला साधारण २.५ मिमी, सहावीला ६ ते ७. फक्त या दोन तारा लावा, ब्रिजवर त्यांच्याखाली ३ मिमीच्या ड्रिल बिटाचा दांडा आडवा ठेवा, बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) जुळेपर्यंत पुढेमागे सरकवा. खुणा करा आणि त्यांवरून ५ मिमी रुंद तिरकी खाच कोरा.

तारा चढवताना

सहाव्या तारेसाठी नटची खाच १.९ मिमी रुंद हवी. खुंट्या विकत घेतानाच त्यांच्या दांड्याच्या भोकातून ७० ची तार जाते का पाहा; अनेक नेहमीच्या खुंट्यांत ती अडकते.

पहिला दिवस सगळ्या तारा दोन अर्धस्वर खाली, म्हणजे सहावी ए वर. दुसऱ्या दिवशी बी वर. सरळ पट्टी ब्रिजमागे तबलीवर ठेवून फुगवटा मोजा. १ ते २ मिमी वाढ हवीच, तबली काम करते आहे. ३ च्या वर गेली तर एक्स बारीक राहिला आहे; तारा उतरवा आणि भोकातून हात घालून ब्रिजमागे एक जादा ब्रेस चिकटवा. वाढ अर्ध्या मिमीच्या आत असेल आणि खर्ज कोंडलेला वाटत असेल, तर त्याच भोकातून छोट्या रंध्याने एक्सचे मागचे पाय अर्धा-अर्धा मिमी उतरवा आणि प्रत्येक वेळी तारा चढवून ऐका. बाराव्या फ्रेटवर उंची सहावीची २.८ ते ३ मिमी, पहिलीची २. नेकचा बाक ०.३ मिमी.

शेवटी हवेचा सूर. तारांवर फडकं टाकून ब्रिजजवळ तबलीवर हलकी थाप मारा आणि मोबाइलच्या स्पेक्ट्रम ॲपवर पहिलं ठळक शिखर पाहा. ते ८५ च्या आसपास हवं, म्हणजे ई (८२.४) आणि एफ (८७.३) यांच्या मध्ये. अगदी ८२ वर बसलं तर पाचवी मोकळी तार बाकीच्यांपेक्षा भसकन मोठी वाजून लगेच मरते. तसं झालं तर भोकाची कड अर्धा-अर्धा मिमी घासून व्यास वाढवत शिखर वर सरकवा. दर वेळी थाप मारून पाहा. आणि तारा बसायला तीन आठवडे द्या. पहिल्या आठवड्यातला बाक पाहून ट्रस रॉड फिरवला तर तिसऱ्या आठवड्यात तो उलटा फिरवावा लागतो.